जिन्यातला दिवा

डोरीन सटक्लिफ तिसऱ्यांदा दुकानात आली
तेव्हा दुपारी साडेतीनलाच हॅलिफॅक्सवर दिवेलागण झाली होती.
ओल्या पिशवीतून तिनं आर्नल्डला बाहेर काढलं,
काउंटरवर उताणं ठेवलं
आणि म्हणाली, "माझा नवरा तांबडा दिसतो."

मी बघितलं. काळाच होता.
कोळशाची लॉरी, खांद्यावर पोतं, एकसष्ट सालचा हिवाळा,
गालावरची काजळी आणि कानामागची काजळीसुद्धा
वेगवेगळी दिसत होती, इतका नीट काळा.
"इथं असतोच काळा," ती म्हणाली. "इथं शहाण्यासारखा वागतो.
घरी नेला की खिडकीशी निळसर, थंडी वाजल्यासारखा,
स्वयंपाकघरात ट्यूबखाली शेवाळलेला,
आणि जिन्यात तर अगदी वीट."

माझ्या काउंटरवरचा दिवा प्रमाणपत्रवाला आहे:
हा दिवसाचा उजेड, असं त्यावर लिहिलंय.
तसा उजेड हॅलिफॅक्सला वर्षातून नऊ दिवस पडतो.

तिला काय सांगणार?
मशीनमधला काळा एकटा नसतो, बाई.
निळी, किरमिजी, चिमूटभर पिवळी, अशा शाया
खांद्याला खांदा लावून करडं रचतात
आणि काळं म्हणून उभ्या राहतात.
प्रत्येक दिवा आपापलं ताट वाढतो.
शाईची भूक मोठी, बहुतेक सगळं संपवते,
पण एखादा घास टाकते.
टाकलेलं तेवढंच आपल्या डोळ्यांना मिळतं.
जुन्या बल्बच्या ताटात तांबडं भरपूर,
म्हणून टाकलेल्यातही तांबडंच जास्त.
शाई तीच, भूक तीच,
वाढपी बदलला.

काळ्या दगडावरची रेघ, म्हणतो आपण.
दगड कुठल्या दिव्याखाली होता, कोण विचारतं?

इचलकरंजीला बाबा कापडाच्या दुकानात मोजणीला होते.
बायका चंद्रकळेचा पदर ओढत पायरीवर जायच्या,
"उजेडात बघते हं," म्हणत.
बाबा आम्हाला सांगायचे,
आतला रंग दुकानाचा, बाहेरचा रंग लुगड्याचा.
पण लुगडं उन्हात नेसतात. आर्नल्डचं काय?

"मग खरा कुठला?" तिनं विचारलं.
जिभेवर उत्तर तयार होतं, बाबांचंच.
मी विचारलं, "लावणार कुठं?"
"जिन्यात, वर जाताना डावीकडे.
रात्री दोनदा उठावं लागतं मला."

दुकान बंद करून गेले. चढ असा की बोलणं बंद होतं.
बरोबर सात पट्ट्या, सात तऱ्हेचे काळे.
पाचव्या पायरीवर उभं राहून एकेक भिंतीला लावली.
तिनं चष्मा पुसला. तिसरी नको. दुसरी मुळीच नको.
चौथीला काहीच बोलली नाही,
बोटानं नुसतं पोत्याच्या शिवणीवरून फिरवलं.

तीच छापली.
दुकानात ती आजारी दिसते, हिरवट. कॅलम म्हणाला,
"वाया गेलेली ही टाकू का?"
मी म्हटलं, गुंडाळ, आणि वर जाड कागद लाव.

फ्रेम टांगताना मी तिला बजावलं,
दिवा बदलू नका. नवे पांढरे बसवलेत की हा बिघडेल.
तिनं जिन्याखालचं कपाट उघडलं.
आत बुटांच्या खोक्यात, कापसात, जुने बल्ब,
बाजारात मिळेनासे झाले तेव्हा घेऊन ठेवलेले.
"अकरा आहेत," ती म्हणाली. "हिशेब केलाय मी.
पुरतील."

बाहेर पालिकेचे नवे दिवे, दुधासारखे.
माझा काळा कोट,
काळा म्हणूनच घेतलेला लीड्सला,
उतारभर चॉकलेटी होता.